साडेसात मिलिमीटरांचा हिशेब

आधी तीन आकडे समोर ठेवतो: २, १५० आणि २१२. तिन्हींचं एकक मेगापास्कल. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलो वजनाचा जोर.

पहिला आकडा पाण्याचा. पुण्यातल्या एखाद्या पेठेत गल्लीखालून गेलेला बिडाचा पाइप डोळ्यांसमोर आणा. आतला व्यास १०० मिलिमीटर, भिंतीची जाडी साडेसात मिलिमीटर. आत ३ बार दाब, म्हणजे ३० मीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब. पेठेतल्या नळाला एवढा दाब क्वचित मिळतो, पण हिशेब कडक असावा म्हणून तो धरू. या दाबानं पाइपाच्या भिंतीत जो ताण येतो तो फक्त २ मेगापास्कल.

दुसरा आकडा धातूचा. करड्या बिडासाठी आपल्याकडे ‘आय. एस. २१०’ हे मानक आहे. त्यातली सगळ्यात खालची प्रत ‘एफ. जी. १५०’. तिचा नमुना ओढून तोडायला निदान १५० मेगापास्कल ताण लागतो.

म्हणजे लागतात २ आणि हाताशी आहेत १५०. पंचाहत्तर पट राखीव ताकद. बांधकामात कुणी इतकी राखीव ताकद मागत नाही. तरीही पहाटे पाणी सुटतं, डांबराला फुगवटा येतो, रस्त्याच्या कडेनं गढूळ ओहोळ वाहू लागतो आणि चावीवाल्याला फोन जातो. खड्डा खणला की दिसतं ते असं: पाइप उभा चिरलेला नाही, तर काकडी मोडावी तसा आडवा, सरळ मोडलेला. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, “पाण्यानं लोखंड ठिसूळ झालं.”

हे वाक्य मी खूप ठिकाणी ऐकलं आहे आणि ते मला नेहमी खटकतं, कारण ते अर्धंच खरं आहे. या अर्ध्या चुकीमुळे आपण मोजायची गोष्ट मोजत नाही. बीड ठिसूळ असतं ते ओतल्या दिवसापासून. पाणी त्याला ठिसूळ करत नाही. पाणी त्याची जाडी खातं, आणि खाताना आकार मात्र तसाच ठेवतं. तिसरा आकडा, २१२, तिथे येतो. त्याच्याकडे जायच्या आधी बीड म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागेल.

लोखंडात दोन टक्क्यांहून जास्त कार्बन मिसळला की ते पातळ होऊन साच्यात सहज ओतता येतं. ते बीड. तवा, कढई, आप्पेपात्र, ड्रेनेजचं झाकण, पंपाचं कवच, इंजिनाचा ठोकळा हे सगळं त्याच घराण्यातलं. किर्लोस्करवाडीपासून कोल्हापूरच्या फौंड्र्यांपर्यंत या धातूवर आपल्याकडे कितीतरी घरं उभी राहिली. करड्या बिडात वजनानं साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो. आकडा किरकोळ वाटतो. पण त्यातला बराचसा कार्बन थंड होताना ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, होऊन वेगळा पडतो. लोखंडाची घनता ७.८, ग्राफाइटची २.२. वजनातले ३.४ टक्के सगळे ग्राफाइट झाले, तर आकारमानात ते ११ टक्के भरतात. पाइपाच्या भिंतीतला नववा हिस्सा लोखंड नसून पेन्सिलीची पूड आहे, आणि तीही गोळ्यांच्या नव्हे, पातळ वाकड्यातिकड्या पाकळ्यांच्या रूपात पसरलेली.

चिक्की थापताना तिच्यात कागदाचे चुरगळलेले कपटे मिसळले तर काय होईल? वरून दाबली तर ती टिकेल. वाकवली की एखाद्या कपट्यापाशी उलेल आणि चीर पुढच्या कपट्याकडे धावेल. बिडाचं असंच असतं. ओढताना १५० मेगापास्कलला तुटणारा तोच धातू दाबताना ६०० च्या आसपास भार सोसतो. म्हणून बिडाचा खांब चालतो, तुळई मात्र घात करते. आणि तुटण्याआधी तो ताणला किती जातो? मीटरभर लांबीला पाच-सहा मिलिमीटर. साधं बांधकामाचं पोलाद मीटरला २० सेंटिमीटरांहून जास्त लांबतं. पोलाद वाकून सांगतं, कुरकुरतं, वेळ देतं. बीड काही सांगत नाही. ठिसूळपणा म्हणतात तो हाच, आणि त्यात अजून पाण्याचा थेंबही आलेला नाही.

आता पाणी आणू.

ओलं बीड म्हणजे एक चालू विजेचा घट. लोखंड आणि ग्राफाइट एकमेकांना चिकटलेले, दोघांमध्ये ओलावा. विजेच्या दृष्टीनं ग्राफाइट उच्चकुलीन आहे. तो विरघळत नाही, शेजारच्या लोखंडाला विरघळायला लावतो. फॅरडेच्या नियमानं हिशेब सरळ आहे: एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर ९.१ किलो लोखंड विरघळतं. प्रवाह त्याच्या हजारावा भाग धरला, तरी वर्षाला ९ ग्रॅम. हे ९ ग्रॅम एकाच जागेतून गेले तर तिथे सव्वा घन सेंटिमीटरची पोकळी होते. साडेसात मिलिमीटरांच्या भिंतीत आरपार भोक पडून त्याचं तोंड रुपयाच्या नाण्याच्या निम्म्या आकाराच्या आसपास असेल, एवढी ती पोकळी आहे.

पण ती पोकळी दिसत नाही. लोखंड निघून गेलं तरी ग्राफाइटच्या पाकळ्यांचं जाळं जागच्या जागी उभं असतं आणि मधल्या फटींत गंज भरलेला असतो. पाइप गोल तो गोलच. ओतताना बाहेरून उमटलेला ठसासुद्धा वाचता येतो. रंग थोडा काळपट, स्पर्श जरा तेलकट. चाकूचं टोक दाबलं तर ते मऊ पेन्सिलीत घुसावं तसं घुसतं. हातोडीनं ठोकलं तर चांगलं बीड खणखणीत वाजतं, हे मात्र बद्द वाजतं. जुने फिटर या एका आवाजावर पाइप ठेवायचा की काढायचा ते ठरवत. त्यांची ती परीक्षा शास्त्राला धरून होती. ग्राफाइटमय झालेल्या थराला ओढीची ताकद जवळजवळ नसते. तो पाणी अडवून धरतो, भार उचलत नाही.

कुणाला वाटेल, पाइप जमिनीत खोल, हवा नाही, तर गंज कुठून येणार? नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न पडला होता. चिकणमातीत, हवा नसलेल्या जागी, बिडाचे पाइप झपाट्यानं मऊ होत होते. १९३४ मध्ये फॉन व्होल्झोगेन क्यूर आणि व्हान डर फ्लुख्त या दोघांनी दाखवून दिलं की यामागे जिवाणू आहेत. प्राणवायूऐवजी मातीतल्या सल्फेटवर जगणारे. त्यांच्या वस्तीला सडक्या अंड्याचा वास येतो. पुण्यात ज्यानं ड्रेनेजशेजारचा जुना पाइप उकरताना पाहिला असेल, त्याला हा वास वेगळा सांगायला नको. नदीकाठची काळी माती, शेजारून पाझरणारं सांडपाणी, वर डांबराचं नाहीतर काँक्रीटचं बंद झाकण: या जिवाणूंना याहून बरी जागा मिळणार नाही.

पाइपाच्या आतल्या बाजूचा हिशेब वेगळा आहे, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथल्या हवेखाली २५ अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त पावणेआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढा सगळा लोखंडाला लागला तर १८ मिलिग्रॅम लोखंड गंजतं. आपल्या पाइपाच्या एका मीटरमध्ये पावणेआठ लिटर पाणी मावतं. ते रोज एकदा बदललं आणि त्यातला सगळा प्राणवायू भिंतीनं खाल्ला असं धरलं, तर वर्षाला ५० ग्रॅमच्या आसपास लोखंड जाईल. त्या मीटरभर पाइपाचं वजन १८ किलो. या गतीनं तो संपायला साडेतीनशे वर्षं लागतील. वाहतं पाणी जास्त प्राणवायू आणतं, हे खरं. पण भरलेल्या पाइपात गंजाचा थरच पुढच्या गंजाला अडसर होतो, हेही खरं.

आता तोच पाइप रिकामा करा. पाणी गेलं, भिंती ओल्या, आत हवा. पुण्याच्या एका लिटर हवेत सुमारे २५० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पाण्यातल्यापेक्षा तीस पटींहून जास्त. वर पाण्याची पातळ ओल, म्हणजे प्राणवायूला धातूपर्यंत पोचायला जेमतेम केसाच्या जाडीएवढं अंतर. संध्याकाळी पाणी येतं, गंजाचे सुटे पापुद्रे धुऊन नेतं (पाणी सुटल्यावर पहिल्या बादलीला लालसर झाक येते ती त्यांचीच), भिंत पुन्हा उघडी पडते, आणि पाणी गेल्यावर पुन्हा हवा. ठरावीक वेळी पाणी सोडण्याच्या पद्धतीवर आपण तक्रार करतो ती बादल्या भरून ठेवण्याच्या त्रासाची. पाइपाच्या बाजूनं कुणी तक्रार मांडत नाही. भरलेला पाइप आणि रोज भरून रोज रिता होणारा पाइप यांच्या म्हातारपणात फार फरक असतो.

त्यातून खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, बेसॉल्टच्या उतारावरून आलेलं, तुलनेनं मृदू. पिण्याला गोड, पण कठीण पाणी पाइपाच्या आत चुन्याचं जे पातळ कवच चढवतं, ते मृदू पाणी चढवत नाही.

आतला गंज फुगतो. लोखंडाच्या एका भागातून गंजाचे तीन भाग होतात, कधी जास्त. आत गाठी येतात. १०० मिलिमीटरचा पाइप गाठींमुळे ८० चा झाला आणि भिंत खरखरीत झाली, तर तेवढ्याच दाबावर प्रवाह किती उरतो? नव्या पाइपाचा गुळगुळीतपणाचा अंक १३० आणि जुन्याचा १०० धरून जलवाहिन्यांसाठी वापरतात ते हेझन-विल्यम्सचं सूत्र लावलं, तर उत्तर येतं ४३ टक्के. व्यास पाचव्या हिश्शानं घटला, पाणी निम्म्याहून जास्त. शेवटच्या घरात धार बारीक का, याची अनेक उत्तरं असतील. त्यातलं एक हे.

आता २१२.

पाइप दाबानं फुटत नाही, मोडतो, हे आपण पाहिलं. मोडतो म्हणजे तो वाकवला गेला. जमिनीखाली पाइपाला कोण वाकवतं? गादी सुटते. जवळच्या गळतीनं माती धुऊन जाते, उन्हाळ्यात काळी माती आटते आणि पावसाळ्यात फुगते, कुणी केबलसाठी चर खणून नीट न दाबता बुजवतं. मग पाइपाचा काही भाग खालून अधांतरी राहतो आणि वरून मातीचा भार येतो. समजा २ मीटर लांबी अधांतरी आहे आणि वर मीटरभर माती. त्या मातीचं वजन दर मीटरला सुमारे २०० किलो. वरून एक चाक गेलं आणि त्याच्या भारातला एक टन पाइपापर्यंत पोचला असं धरू. हे अतिशयोक्त नाही. मालमोटारीच्या चार चाकांच्या एका आसावर कायद्यानं चालणारा भार २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन झाला. पाइप गाडला गेला तेव्हा त्या गल्लीत कदाचित टांगे फिरत असतील.

साडेसात मिलिमीटरांची भिंत शाबूत असताना या भारानं पाइपाच्या पोटाशी येणारा ताण ९४ मेगापास्कल. १५० च्या आत. पाइप टिकतो, रोज टिकतो.

आता बाहेरून चार मिलिमीटर ग्राफाइटमय झाले असं धरा. खरं लोखंड उरलं साडेतीन मिलिमीटर. तीच माती, तेच चाक, तोच अधांतरी भाग. ताण येतो २१२ मेगापास्कल.

एफ. जी. १५० गेला. त्याच्या वरची २०० ची प्रतही गेली. दाबाचा हिशेब मात्र अजूनही सुरक्षितच दाखवतो: २ चा झाला सव्वाचार, ताकदीच्या तुलनेत काहीच नाही. म्हणून गेज लावून पाइप तपासला तर तो उत्तीर्ण होतो आणि त्याच आठवड्यात बस गेली की मोडतो. धातू तोच आहे. उरलेल्या साडेतीन मिलिमीटर लोखंडाची ताकद पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे, ठिसूळपणाही तेवढाच. कमी झालं ते लोखंड.

अर्थात माझा हिशेब सरळसोट आहे. गंज सगळीकडे सारखा खात नाही. खड्डे पाडतो, आणि ठिसूळ धातूत खड्डा म्हणजे चिरेला आयतं तोंड. पोलादात खड्ड्याच्या तळाशी धातू थोडा ताणला जाऊन जोर वाटून घेतो, बिडाला ते जमत नाही. तापमानाचाही वाटा असतो. दोन्ही टोकांना जखडलेल्या पाइपातलं पाणी १० अंशांनी गार झालं, तर ११ मेगापास्कल ओढ नुसत्या आकुंचनानं येते. चांगल्या पाइपाला ती मोजायचीही गरज नाही. काठावर आलेल्याला ती पुरते. व्हॉल्व्ह झटकन बंद केल्यावर बसणारा पाण्याचा हिसका असाच: सेकंदाला एक मीटर वेगानं धावणारं पाणी एकदम थांबलं तर दाब क्षणभर १२ बारनं चढतो. चावीवाला चाक सावकाश फिरवतो ते आळसापोटी नव्हे.

चार मिलिमीटर जायला किती वर्षं? इथे एकच उत्तर देणारा माणूस चुकणार. वर्षाला ०.०५ मिलिमीटर धरलं तर ८० वर्षं, ०.१ धरलं तर ४०. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं १९२२ पासून निरनिराळ्या मातींत लोखंडाचे हजारो तुकडे पुरून पाहिले. मेल्विन रोमानॉफ यांनी १९५७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अशी की धातूच्या जातीपेक्षा मातीच्या जातीनं जास्त फरक पडतो: तिच्यात पाणी किती थांबतं, क्षार किती, वीज किती सहज वाहते. फ्रान्सच्या व्हर्सायमध्ये सतराव्या शतकात घातलेले बिडाचे पाइप तीनशे वर्षांहून जास्त चालले. दुसरीकडे वाईट मातीत तीस वर्षांत चाळण होते. म्हणून ‘पाइप जुना झाला’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. किती वर्षांचा यापेक्षा किती मिलिमीटर उरला, हे विचारायला हवं.

समुद्रात बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या बिडाच्या तोफा आणि गोळे हे याच गोष्टीचं टोक आहे. शतकानुशतकं खाऱ्या पाण्यात राहून ते पुरते ग्राफाइटमय झालेले असतात, दिसतात मात्र जसेच्या तसे. वर काढून तसेच वाळू दिले तर फुटतात, म्हणून संग्रहालयवाले क्षार काढून होईपर्यंत त्यांना पाण्यातच ठेवतात.

घरातल्या तव्याबद्दल इथे बोललं पाहिजे, कारण “बिडाला पाणी लावू नकोस, तडकेल” हे वाक्य आपण पाइपाच्या कितीतरी आधी स्वयंपाकघरात ऐकतो. आमच्याकडे आजीचा एक जाड बिडाचा तवा होता. भाकऱ्या झाल्या की तो चुलीवरून उतरून कोपऱ्यात जाई, पूर्ण निवेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा घाईत कुणीतरी तो गरम असतानाच नळाखाली धरला. टण्ण आवाज आला आणि काठापासून मध्यापर्यंत चीर गेली.

हिशेब करा. बीड एका अंशाला दहा लाखांत ११ भाग आकुंचतं. ताणाला ते किती कडक उभं राहतं याचा अंक सुमारे एक लाख मेगापास्कल. तव्याचा वरचा थर १५० अंशांनी एकदम थंड झाला आणि खालचा गरमच राहिला, तर वरच्या थरात १६५ मेगापास्कल ओढ येते. पुन्हा १५० च्या पलीकडे. गंजाचा यात काही संबंध नाही, सगळं एका सेकंदात घडतं. ऊन पाणी घातलं असतं तर तवा वाचला असता.

उलट रात्रभर ओला राहिलेला तवा सकाळी लाल होतो आणि आपण हळहळतो. वर्षाला ०.२ मिलिमीटर असा बराच वेगवान गंज धरला, तरी एका रात्रीत अर्ध्या मायक्रॉनहून जास्त लोखंड जात नाही. तव्याची जाडी ४ मिलिमीटर. तो संपायला रोज ओला ठेवून वीस वर्षं लागतील. घासा, पुसा, तेलाचं बोट फिरवून तापवा. एका रात्रीच्या ओलीनं त्याची ताकद मोजता येईल इतकीही घटत नाही.

‘पाण्यानं लोखंड ठिसूळ होतं’ हे अर्धं खोटं म्हणालो. उरलेल्या अर्ध्याचा आता न्याय केला पाहिजे, कारण बिडाच्या कुटुंबात एक सदस्य असा आहे ज्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरतं.

१९४३ मध्ये इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घालून पाहिलं आणि ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्या होऊन बसला. गोळीला धारदार कड नसते, चीर तिथून धावत नाही. हे डक्टाइल आयर्न. पुढे त्याच्यावर खास उष्णतोपचार करून आणखी ताकदवान प्रकार निघाला, तो ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्न, गिअर आणि वाहनांच्या भागांसाठी वापरला जाणारा. त्याचे नमुने ओढून पाहताना संशोधकांना विचित्र गोष्ट दिसली. नमुना कोरडा असला तर तो पुरेसा लांबतो. नमुन्याला नुसतं पाणी लागलेलं असलं, गंज चढायला वेळही दिलेला नसला, तरी ताकद ३० टक्क्यांपर्यंत आणि लांबण्याची क्षमता ७० टक्क्यांपर्यंत घटते. आणि तोच धातू वाळवून ओढला की गुण परत येतात. म्हणजे काही झिजलेलं नाही, काही खाल्लं गेलेलं नाही. ताणानं नुकत्याच उघड्या पडलेल्या ताज्या धातूवर पाणी विघटन पावतं, त्यातला हायड्रोजनचा अणू चिरेच्या टोकाशी शिरतो आणि चीर पुढे जाते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. दिलासा इतकाच की धातू कायमचा वाकायला लागेल इतका ताण चढल्यावरच हे घडतं. नेहमीच्या वापरातला भार त्याच्या आत राखला की पाणी गप्प बसतं.

पाइपांसाठी आता देशभर नव्या कामात साधं डक्टाइल आयर्न, ठेकेदारांच्या भाषेत डी. आय., वापरलं जातं. मानकाप्रमाणे त्याची ताकद निदान ४२० मेगापास्कल आणि लांबणं १० टक्के. जुन्या सी. आय., म्हणजे बिडाच्या, पाइपाशी तुलनाच नाही. पण या श्रीमंतीत एक मेख आहे. धातू बळकट म्हणून भिंत पातळ केली: १०० मिलिमीटरच्या पाइपाला साडेसातऐवजी ६ मिलिमीटर, हलक्या वर्गात त्याहूनही कमी. गोळ्यांचा असला तरी ग्राफाइट तो ग्राफाइटच. लोखंडाला विरघळवायचं काम तो इथेही करतो. वाईट मातीत गंजाचा वेग बिडाच्या जवळपासचाच आणि खायला जाडी मात्र कमी. नवा पाइप मोडणार नाही, त्याला भोक पडेल. म्हणून त्याला बाहेरून दर चौरस मीटरला १३० ग्रॅम जस्ताचा लेप देतात (जाडी काढली तर १८ मायक्रॉन), वर डांबरी रंग, आतून सिमेंटचा थर आणि खराब मातीत प्लॅस्टिकची बाही. सिमेंटचा थर भिंतीशी पाणी इतकं अल्कधर्मी ठेवतो की लोखंड गंजायचं थांबतं. बाकी सगळी भिस्त त्या १८ मायक्रॉनांवर आणि बाहीवर. बाही चरात उतरवताना दगडानं फाटली आणि कुणी चिकटपट्टी लावली नाही, तर त्या एका फाटक्या जागी सगळा गंज एकवटतो. धातूला घातलेल्या पैशापेक्षा आवरणाला घातलेला पैसा इथे जास्त कामाला येतो.

पुण्याला पाणी वाहून आणण्याचा अनुभव जुना आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तळ्याचं पाणी उतारानं शहरातल्या हौदांपर्यंत आलं ते बांधीव नळातून, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवून. त्यात लोखंड नव्हतं, दाब नव्हता, म्हणून हा प्रश्नही नव्हता. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी ३२ इंची बिडाच्या नळांतून पोचलं आणि दाबाखालच्या पाण्याचं युग आपल्या भागात सुरू झालं. पुण्यासाठी खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात झालं. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा आहे, आणि गळती ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचं महापालिकेचे अधिकारीच सांगत आले आहेत. समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी महापालिकेनं जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजानं २०० कोटींचे रोखे काढले.

ती सगळी गळती बिडाच्या पाइपांची नाही. शिसं ओतून केलेले जुने जोड, घरगुती नळजोडांचे गंजलेले जी. आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप, मोजलंच न गेलेलं पाणी, हे सगळं त्यात आहे. पण एक भोक किती खातं ते पाहा: ५ मिलिमीटरचं भोक, २० मीटर दाब, तर तासाला ८४० लिटर. चोवीस तासांत वीस हजार. माणशी १३५ लिटरच्या मापानं ते जवळपास १५० माणसांचं पाणी आहे. दिवसाचे चार तास पाणी सोडलं तर गळतीही चार तासांचीच होते. चोवीस तास दाब ठेवला की तेच भोक सहापट खातं. म्हणजे सतत पाणी देणं पाइपाच्या आतल्या तब्येतीला चांगलं, पण त्याआधी कुठला पाइप किती उरलाय हे कळल्याशिवाय ते परवडणार नाही.

आणि ते कळणं अवघड नाही. पाइप मोडला की मोडलेला तुकडा कापून काढतातच. त्यातून हातभर लांबीचं एक कडं कापावं, गंज आणि मऊ थर तारेच्या ब्रशनं नि छिन्नीनं खरवडून काढावा आणि उरलेली जाडी चार ठिकाणी मोजावी. सोबत गल्ली, खोली, मातीचा रंग आणि पाइप आडवा मोडला की भोक पडलं एवढं लिहावं. पाच वर्षांत शहराच्या पोटातल्या लोखंडाचा नकाशा तयार होईल आणि पुढचा पाइप कुठे बदलायचा हे तक्रारींच्या जोरावर ठरवावं लागणार नाही.

आज तो तुकडा टेंपोतून भंगारात जातो. नव्या पाइपाच्या एका मीटरचं वजन १८ किलो. चार मिलिमीटर गेलेला तेवढाच तुकडा खरवडून काट्यावर ठेवला तर भरेल ८.